मॅडम, तुमचा विषय कोणता?

अहवालाच्या एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर अरुणाबाईंनी चहाचा कप असा आदळला की बशीचे दोन तुकडे झाले.

"काय झालं?" दादासोंनी स्वयंपाकघरातून विचारलं. चौतीस वर्षं शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काढल्यामुळं त्यांना कमी ऐकू यायचं, पण बशी फुटल्याचं ऐकू आलं होतं.

"कासव!"

"कुठं?"

"कासारखोलच्या सड्यावर. समुद्रातलं कासव. अंडी घालायला येतंय म्हणे दर वर्षी."

दादासो हातातली चाळण तशीच घेऊन बाहेर आले. "समुद्र कुठं हाय तिथं? घाट उतरून रत्नागिरीला जायला लागंल की त्याला."

"हेच तर म्हणते मी!" अरुणाबाई ओरडल्या. कासव जणू दादासोंनीच तिथं नेऊन ठेवलं होतं.

डॉ. अरुणा चौगुले यांनी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीला सात वर्षं झाली होती. त्यांचा अभ्यास बेडकांचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या तेवढ्यावर कधी थांबल्या नाहीत. पन्नाशीत त्या मोडी लिपी शिकल्या आणि संस्थानकाळचे दुष्काळाचे कागद वाचायला लागल्या. शहरातली बुजवलेली तळी कुठं कुठं होती, पुराचं पाणी कुठल्या गल्लीत आधी शिरतं, गावोगावचं मतदान का घसरलं, एसटीची सकाळची गाडी बंद केल्यावर किती मुलींची शाळा सुटली, अशा कशावरही त्या वर्तमानपत्राला पत्र धाडत. कॉलेजातले सहकारी मागं म्हणायचे, चौगुलेबाईंचं डोकं म्हणजे भेळेचं दुकान, सगळं एकत्र. हे त्यांच्या कानावर आलं होतं. "भेळ कोल्हापूरची हाय, चांगलीच असणार," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

कासारखोल हे पन्हाळ्याच्या पलीकडं डोंगरातलं गाव. गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचं सपाट पठार, त्याला सगळे सडा म्हणत. एका कंपनीला त्या सड्यातून बॉक्साइट काढायचं होतं. त्यासाठी आधी पर्यावरणाचा अहवाल करायचा आणि मग गावात जनसुनावणी घ्यायची, असा नियम. पुण्याच्या एका सल्लागार संस्थेनं केलेला तो चारशे पानांचा अहवाल आता अरुणाबाईंसमोर होता. त्यात लिहिलं होतं, सडा म्हणजे ओसाड खडक, नोंद घेण्याजोगी जीवसृष्टी नाही. तरीही नियमापुरती प्राण्यांची एक यादी जोडली होती. कुठल्या तरी बंदराच्या अहवालातून ती जशीच्या तशी उचललेली. समुद्री कासव, खारफुटीतला खेकडा, रोहित पक्ष्यांचे थवे.

आणि यादीखाली बारीक अक्षरात: 'प्राणिविषयक सर्वेक्षण डॉ. अरुणा चौगुले यांच्या मार्गदर्शनाखाली.'

ती ओळ वाचली तेव्हा त्यांना आधी काहीच वाटलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. ओळ तिथंच होती. पानाच्या तळाशी सर्वेक्षण प्रमुखाची सही होती. सम्मेद मगदूम.

मग मात्र त्यांनी अहवाल मिटून बाजूला सारला.

सम्मेद कागलजवळच्या एका खेड्यातला, प्राथमिक शिक्षकाचा मुलगा. चौदा वर्षांपूर्वी तो एमएस्सीला त्यांच्याकडं आला. कासारखोलचा सडा त्यांनीच त्याला दाखवला. भर पावसात, गुडघ्याएवढ्या धुक्यात, दोघं दगड उलथून बघत हिंडायचे. दगड जसा उचलला तसाच परत ठेवायचा, हे तो त्यांच्याकडून शिकला. त्यांच्या घरी तो दोन वर्षं पर्युषणाचा फराळ करून गेला होता. आणि दोन वर्षांपूर्वी तो आला आणि सड्याच्या नोंदींच्या अकरा वह्या स्कॅन करून आणतो म्हणून घेऊन गेला. "मॅडम, कागदाला वाळवी लागली तर सगळं जाईल." त्या वह्या अजून परत आल्या नव्हत्या.

त्यांनी फोन लावला.

"बोला मॅडम! किती दिवसांनी आठवण काढलीत."

"सम्मेद, तू सड्यावर गेलतास?"

"टीम गेली होती मॅडम."

"कधी?"

"फेब्रुवारीत, दोन दिवस."

"फेब्रुवारीत सड्याचा तवा झालेला असतो. हे तुला मी सांगायचं? पावसाच्या आधी तिथं बेडूक काय पाटी घेऊन उभा राहणार होता तुमच्या टीमसाठी?"

"मॅडम, कंपनीला घाई होती. ती यादी ऑफिसातल्या पोरांनी चुकून दुसऱ्या फाईलमधली…"

"आणि माझं नाव? ते कुठल्या फाईलमधलं?"

"तुमचं नाव असलं की अहवालाला वजन येतं. मी आदरानंच घातलं, मॅडम. खरं सांगतो."

आदरानं! कुलगुरूंना तोंडावर सुनावणाऱ्या अरुणाबाईंनी त्या शब्दाला हातही लावला नाही. त्यांनी विचारलं, "वह्या कुठं आहेत माझ्या?"

"आहेत मॅडम, सुरक्षित आहेत."

त्यांनी फोन बंद केला.

"वकिलाची नोटीस धाड," दादासो म्हणाले. ते एरवी शांत माणूस. "पोरगं हितं बसून जेवलंय आपल्याकडं."

"नोटीस नंतर. सुनावणी नऊ दिवसांवर आलीय. मी गावात जाते."

कासारखोलला पोचायला एसटीनं दीड तास लागला. गावाच्या वरच्या अंगाला, सडा जिथं संपतो तिथं कड्याच्या पोटातून झरा येतो. त्या झऱ्यावर तानाबाई भेटणार हे त्यांना माहीत होतं. तानाबाई त्यांच्याच वयाची, उन्हानं रापलेली, कपाळावर मोठं गोंदण. बारा वर्षांपूर्वी अरुणाबाईंनी तिला एक काम सांगितलं होतं. दर अमावास्येला झऱ्याखाली कळशी लावायची आणि ती भरेपर्यंत सावकाश आकडे मोजायचे. तानाबाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती दिनदर्शिकेच्या पानावर आकड्यागणिक एक रेघ ओढायची. चार उभ्या, त्यावर एक आडवी. श्रावणात बारा-तेरा रेघा, वैशाखात साठच्या वर. बारा वर्षांत एक अमावास्या चुकली नव्हती. नवरा गेला त्या महिन्यातली पण नाही.

"आक्का, लई लाल झालाय तुमचा चेहरा," तानाबाई म्हणाली. "बसा आधी. पानी प्या."

अरुणाबाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. झऱ्यावर आणखी चार बायका होत्या. त्यातली धोंडुबाई ऐकता ऐकता फणकारली.

"मग? येऊ द्या की कंपनी. माझा नातू रोज शिरोलीला फौंड्रीत जातोय. दीड तास जायाला, दीड तास यायला. हितं काम आलं तर तुमच्या बेडकाचं काय घोडं अडलंय?"

"बेडूक मेला की तुमचं पाणी पण मरणार, एवढं साधं कळत नाही का तुम्हाला?" अरुणाबाई वसकन म्हणाल्या. "तुम्ही लोक सही करून मोकळे होता, आणि मग टँकरच्या मागं पळता!"

धोंडुबाईनं घागर कमरेवर घेतली. "तुमी लोक म्हंजे कोन? चार म्हयनं फुलं बघाय येताय, जाताय. आमी बारा म्हयनं हितं ऱ्हातोय." आणि ती चालती झाली. मागोमाग बाकीच्याही गेल्या.

तानाबाईनं आपली कळशी झऱ्याखाली लावली. मग म्हणाली, "तिचं काय चुकलं, आक्का? राग त्या पोराचा, काडला तिच्यावर."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून जास्तच लागलं. अरुणाबाई सड्यावर चढल्या. डिसेंबरातलं ऊन होतं, गवत वाळून पिवळं पडलं होतं, आणि खडकाच्या भेगांत नुसती माती. पाहणाऱ्याला खरंच ओसाड दिसलं असतं. त्यांना त्याच भेगांत झोपलेलं सगळं दिसत होतं. ते दिसतं म्हणून आपल्याला राग येतो, आणि ज्याला दिसत नाही त्याला राग कुठून येणार, असं त्यांच्या मनात आलं. पण सम्मेदला दिसत होतं. त्याला त्यांनीच दाखवलं होतं. तिथं येऊन विचार परत अडला आणि डोकं परत तापलं.

सुनावणी शाळेच्या मैदानावर होती. मांडव, लाल खुर्च्या, आलेल्या प्रत्येकाला वडा आणि पाण्याची बाटली. व्यासपीठावर मधोमध एक सरकारी अधिकारी, पन्नाशीचे, सारखे घड्याळ बघणारे. एका बाजूला कंपनीचे व्यवस्थापक विजयसिंह, पांढरेशुभ्र बूट घातलेले, बोलायला गोड. दुसऱ्या बाजूला लॅपटॉप उघडून सम्मेद. त्यानं अरुणाबाईंना बघितलं आणि मान खाली घातली. दादासोही आले होते. कानात यंत्र घालून पहिल्या रांगेत बसले होते.

विजयसिंहांनी आधी रोजगार सांगितला, मग रस्ता, मग शाळेला संगणक. टाळ्या पडल्या. काही तरुण पोरं मागं उभी राहून शिट्ट्या मारत होती. अरुणाबाईंचं नाव पुकारलं तेव्हा अधिकारी म्हणाले, "तीन मिनिटं, मॅडम."

त्यांनी माइक हातात घेतला आणि कासवापासून सुरुवात केली. समुद्रातलं कासव सड्यावर चढून येतं म्हटल्यावर मांडवात हशा पिकला. कोणी तरी मागून ओरडलं, "एसटीनं येत असंल की वो!" अजून हशा. विजयसिंहही हसले. अधिकारीही. अरुणाबाईंना वाटलं होतं लोक चिडतील. लोक हसत होते, आणि हसण्यात सगळं विरघळून चाललं होतं. त्या भराभर बोलायला लागल्या. जांभा पाणी कसं धरतो, झरा कसा बारमाही राहतो, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळात पाच गावांची जनावरं या एका झऱ्यावर आणली होती, तेव्हाच्या मामलेदाराचं मोडीतलं पत्र आपण स्वतः वाचलंय.

विजयसिंहांनी हात वर केला. "साहेब, एक मिनिट. मॅडमचा पूर्ण मान राखून विचारतो. मॅडम, तुमचा विषय कोणता?"

"प्राणिशास्त्र."

"त्यातला?"

"बेडूक."

"बेडूक." त्यांनी शब्द मांडवभर फिरू दिला. "मग पाण्याचं पाणीवाले बघतील, दगडाचं भूगर्भवाले, मोडीचं इतिहासवाले. तुम्ही बेडकाबद्दल बोला की. आम्ही ऐकतोय."

टाळ्या पडल्या. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं.

पुढं जे झालं ते अरुणाबाईंनी ठरवलेलं नव्हतं. लिहून आणलेला कागद त्यांनी चुरगाळला आणि माइक तोंडाजवळ धरला. कॉलेजातली प्रमाण भाषा गळून पडली आणि माहेरची, हातकणंगल्याकडची बोली वर आली.

"बेडकाबद्दल बोलू? ऐका मग. बेडूक तोंडानं पानी पीत न्हाय. कातडीनं पितो. पान्यात जे हाय ते सगळं त्याच्या अंगात जातं. म्हणून बेडूक शिकायचा तर मला पानी शिकायला लागलं. पानी कुठनं येतं बघाय गेले तर ह्यो दगड शिकायला लागला. दगड किती वर्सं पानी देतोय म्हणून विचारत फिरले तर एकाही हापिसात आकडा न्हाय. म्हणून जुनं दप्तर काढलं. ते मोडीत. म्हणून वयाच्या पन्नासाव्या वर्सी पोरीबाळींच्या शेजारी बसून मोडी शिकले. आनि कागद वाचला तर त्यात लिवलंय काय, तर सड्यावर दगड फोडू नये, झरा जाईल. सव्वाशे वर्सापूर्वीच्या मामलेदाराला जे कळलं ते तुमच्या चारशे पानांना कळत न्हाय! मला काय हौस हाय व्हय सभेत बोलायची? घरात बसून मी बेडूकच बघितले असते. तुमी बेडकापतूर आलाय, म्हणून मी तुमच्यापतूर आलेय. ह्यो माझा विषय!"

अधिकाऱ्यांनी "मॅडम, वेळ…" म्हणून हात उचलला, पण त्या थांबायला तयार नव्हत्या. त्या वळल्या.

"सम्मेद. ऊठ."

तो उठला. वर्गात उठायचा तसाच, खुर्ची मागं सारून. आपण व्यासपीठावर आहोत हे त्याला उठल्यावर आठवलं असावं.

"एकशे सत्त्याऐंशी पान. वाच मोठ्यानं."

"मॅडम…"

"वाच!"

त्यानं वाचलं. कासव वाचलं. या वेळी कोणी हसलं नाही.

"पुढचं."

"खारफुटीतला… खेकडा."

"खारफुटी दाखव. हितनं कुठल्या दिशेला हाय ते बोट करून दाखव."

सम्मेदनं ओठ चावला. "चूक झाली मॅडम."

"चुका माझ्या वह्यांत पण हायत. एकदा एक बेडूक मी तीन वर्सं चुकीच्या नावानं लिवला. ती चूक. तू सड्याला आला न्हाईस, आलो म्हणून लिवलंस, आनि खाली माझं नाव घातलंस. हे खोटं हाय. तू शिकला हाईस, तुला फरक कळतोय."

त्या येऊन खाली बसल्या. दादासोंनी पाण्याची बाटली उघडून दिली. मग तानाबाई व्यासपीठाकडं गेली. बारा वर्षांच्या दिनदर्शिका फडक्यात बांधून आणल्या होत्या. तिनं ते गाठोडं अधिकाऱ्यांच्या टेबलावर सोडलं आणि रेघा कशा मोजायच्या ते समजावून सांगितलं. अधिकारी आधी कंटाळून बघत होते, मग चष्मा लावून, मग स्वतः पानं उलटून. "हे तुम्ही केलंत?" त्यांनी विचारलं. "मग काय तुमी केलंय?" तानाबाई म्हणाली.

तरीही सुनावणी कुणीकडं झुकली हे सांगता आलं नसतं. झुकवली ती धोंडुबाईनं. ती अरुणाबाईंकडं न बघता उठली. "बेडूक, कासव, ते ऱ्हाऊ दे. मला येक सांगा पावणं. झरा आटला तर टँकर कोन घालनार?"

"कंपनी घालणार, मावशी," विजयसिंह म्हणाले. "ती आमची जबाबदारी."

"लिवून द्या."

"मावशी, अशा गोष्टी लगेच लिहून देता येत नसतात. त्याला प्रक्रिया असते."

"काम लागंल म्हून सांगताय ते पन लिवून देत न्हाय, पानी पन लिवून देत न्हाय. मग हितं वडं खायाला बोलावलंय व्हय आमाला?"

त्यावर जो गलका उठला तो अर्धा तास थांबला नाही. शिट्ट्या मारणारी पोरंच आता पुढं येऊन ओरडत होती. अधिकाऱ्यांनी सगळ्यांचं म्हणणं नोंदवून घेतलं आणि पुढं तो अहवाल नामंजूर होऊन फेरसर्वेक्षणासाठी परत गेला. सुनावणीनंतर मांडवातून निघताना अरुणाबाई धोंडुबाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "त्या दिवशी मी वाईट बोलले. माझं चुकलं."

"व्हय, चुकलंच," धोंडुबाई म्हणाली, आणि घरी गेली.

नवा अहवाल पुढच्या ऑक्टोबरात आला. या वेळी माणसं खरोखर पावसाळ्यात सड्यावर राहिली होती. यादीत एकही कासव नव्हतं. एकेचाळीस बेडूक-सरडे-खेकडे, सगळ्यांची नावं बरोबर, स्पेलिंगसुद्धा बरोबर. फुलं होती, झऱ्याची मोजणी होती. अरुणाबाई वाचत गेल्या आणि मध्येच थबकल्या. काही वाक्यं त्यांचीच होती, त्यांच्या वह्यांतली, फक्त इंग्रजीत नेलेली. एवढं सगळं मान्य करून शेवटच्या प्रकरणात लिहिलं होतं, की जीवसृष्टी मौल्यवान आहे, म्हणून ती शेजारच्या टेकडीवर हलवून उत्खनन टप्प्याटप्प्यानं करावं.

या वेळी त्यांनी काही आदळलं नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या. खोट्यावर ओरडता येत होतं. इथं सगळं खरं होतं आणि त्याच खऱ्यानं खड्डा खणायचा होता. दादासोंनी दोनदा विचारलं, जेवायला वाढू का, तेव्हा त्यांना ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कोर्टात जायचं ठरवून वकिलाला भेटून आल्या. चार दिवसांनी सकाळी दारात सम्मेद उभा होता. हातात खोकं, खोक्यात अकरा वह्या.

"नवा अहवाल माझा न्हाय, मॅडम. मी जानेवारीतच नोकरी सोडली."

"शाबासकी पाहिजे का?"

"न्हाय."

"मग माझी वाक्यं त्यात कशी?"

"स्कॅन संस्थेकडं राहिले. मी मागितले, त्यांनी दिले नाहीत." तो उंबऱ्याबाहेरच होता. "तुम्ही कोर्टात जाणार असं ऐकलं. पहिल्या अहवालात काय काय झालं, कुणी सांगितलं, कशासाठी, ते सगळं मी प्रतिज्ञापत्रावर द्यायला तयार आहे."

अरुणाबाईंना त्याच्या तोंडावर दार लावायचं होतं. अगदी मनापासून लावायचं होतं. पण ते प्रतिज्ञापत्र लागणार होतं, वकिलानं तसं स्पष्ट सांगितलं होतं, आणि ज्याच्यावर सगळ्यात जास्त राग त्याचीच गरज पडावी याचाही त्यांना संताप आला. "ये आत," त्या म्हणाल्या.

त्यांनी त्याला टेबलाशी बसवलं, कोरे कागद दिले आणि स्वतः समोर बसून वह्या पानोपान तपासायला घेतल्या. दादासो दारात येऊन उभे राहिले. एरवी आल्या-गेल्याला चहा विचारल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"आज च्या न्हाय मिळायचा," ते म्हणाले आणि आत गेले.

सम्मेदनं मान हलवली आणि लिहायला लागला. अर्ध्या तासानं अरुणाबाईंनी कागद ओढून बघितला. पहिल्याच परिच्छेदात 'तांत्रिक त्रुटी' असा शब्द होता. त्यांनी त्यावर लाल पेनानं आडवी रेघ मारली.

"खोटं लिहिलं, असं लिही. साधा शब्द आहे."

त्यानं तसं लिहिलं.

निकाल यायला दीड वर्ष लागलं. सम्मेदचं प्रतिज्ञापत्र, तानाबाईच्या रेघा, मामलेदाराचं पत्र, सगळं वाचलं गेलं. झऱ्याच्या डोक्यावरचा सड्याचा दक्षिण भाग उत्खननातून वगळला. उत्तर भागाला परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी होती, सड्याला जीवदान. एका मंडळानं अरुणाबाईंचा सत्कार ठरवला, पदाधिकारी शाल घेऊन घरी विचारायला आले.

"अर्धा सडा गेला," त्या म्हणाल्या. "सुतकाच्या घरी शाल घेऊन येतात का कोणी?" पदाधिकारी शाल घेऊन तसेच परत गेले.

उत्तर भागात काम सुरू व्हायला पावसाळाभर मुदत होती. जूनमध्ये त्यांनी सम्मेदला फोन केला. दीड वर्षात त्याच्याशी त्या कोर्टाच्या कामाखेरीज एक शब्द बोलल्या नव्हत्या. "रविवारी सड्यावर ये. उत्तरेकडचं जेवढं आहे तेवढं लिहून घ्यायचंय. माझे गुडघे दुखतात, मला दगड उचलवत नाहीत."

तो आला. दोघं सकाळपासून पावसात हिंडली. उत्खननाच्या हद्दीवर लाल झेंड्या रोवलेल्या होत्या, वाऱ्यानं फडफडत होत्या. सम्मेद दगड उचलायचा, खाली जे असेल त्याचं नाव सांगायचा, दगड जसाच्या तसा ठेवायचा. अरुणाबाई छत्रीखाली वही धरून लिहीत होत्या. इतर काही बोलणं नव्हतं. दुपारच्या सुमाराला त्यानं एका मोठ्या दगडाखाली हात घातला आणि थांबला. पोटाखाली पिल्लं धरलेली खेकडी होती, एकेक पिल्लू मोहरीएवढं.

"मॅडम, झेंड्या दोनशे पावलांवर आहेत. हिला पलीकडं नेऊन सोडू?"

"आणि बाकीच्यांना?" त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की खेकडी दगडाच्या कपारीत मागं सरकली. "सकाळपासून किती दगड उचललेस? त्या सगळ्यांना नेणार आहेस? त्या अहवालात पण हेच लिहिलंय, हलवा म्हणून! तू पण तेच म्हणणार?"

सम्मेद पावसात भिजत तसाच बसून राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की पाऊस, हे त्यांना बघायचं नव्हतं. त्यांचा राग गेला नव्हता, कमीही झाला नव्हता, आणि तो जावा असं त्यांना वाटतही नव्हतं. त्यांनी वही छातीशी धरून चष्म्यावरचं पाणी पुसलं.

"ठेव दगड खाली. हळू. पिल्लं मोजलीस?"

"चाळीसच्या आसपास."

"आसपास नको. मोज."

तो परत वाकला आणि मोजायला लागला. त्या पेन धरून थांबल्या.

"त्रेचाळीस," तो म्हणाला.

त्यांनी तारीख घातली, वेळ घातली, आणि त्रेचाळीस लिहिलं.